सोडलेले प्रश्न

लहानपणापासून घरात माझ्यासाठी एकच विशेषण होतं, ‘तोंडाळ’. प्रश्न मला विचारलेला असो की दुसऱ्या कुणाला, उत्तर माझ्याकडून यायचं. पाहुण्यांनी आईला विचारावं, यंदा कुठला ऊस लावलाय, तर मी ओट्यावरूनच उसाची जात सांगायचे, लागण कधी केली ते सांगायचे आणि पाहुण्यांच्या उसाला हुमणीची कीड लागलीय हेही वर सांगून मोकळी व्हायचे. घरात थोरल्या चुलत्यांचा, आबांचा, शब्द चालायचा. माझे वडीलसुद्धा त्यांच्यापुढं जपून बोलत. मी मात्र बोलायचे. आबा म्हणायचे, हिला द्यायची तर बहिऱ्यांचं घर हुडकावं लागंल.

अशा मुलीनं नीटच्या परीक्षेत काय केलं असेल? एकही प्रश्न सोडला नाही. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो, हे मला ठाऊक होतं. पण कुणी काही विचारलंय आणि आपण तोंड मिटून पुढं जायचं, हे माझ्या रक्तात नव्हतं. जे येत होतं त्याचा गोल काळा केला आणि जे येत नव्हतं त्याचा तर आणखी गडद केला. निकाल आला तेव्हा कापलेल्या गुणांनी मिळालेल्या गुणांची पार दैना केली होती. आबांनी ते गणित गावातल्या एका शिकलेल्या माणसाकडून समजून घेतलं आणि जेवताना सगळ्यांच्या देखत म्हणाले, परीक्षेचं नावच नीट, आन ही नीट सोडून समदं करून आली.

त्या पावसाळ्यात घरात बरीच बोलणी झाली. कोऱ्हाळ्यात आमच्या वस्तीवर तोवर कुणी मुलगी ‘रिपीट’ला बसली नव्हती. तो शब्दच लोकांना नापासासारखा वाटायचा. शेवटी आबांनी निकाल दिला: एकच वर्ष. डॉक्टरकीची जागा मिळाली तर शिकायचं, नाही मिळाली तर सोयरिकीची बोलणी सुरू. डॉक्टरकी म्हणजे नेमकी कशाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी विचारलं नाही अशी ती एवढीच गोष्ट असेल.

बारामतीत स्प्रेपंप दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. तिथं सर जीवशास्त्र शिकवायचे. ते कॉलेजातून निवृत्त झाले होते आणि इंदापूर तालुक्यातल्या जिरायत भागातून रोज एसटीनं यायचे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढ्या होत्या, आता थोडं डाळिंब होतं. आवाज बारीक, चालणं सावकाश, आणि दोन बोटांत खडू धरून गप्प उभं राहायची सवय. मला ती सवय सहन व्हायची नाही. ते प्रश्न लिहून गप्प उभे राहायचे आणि मी पहिल्या बाकावरून उत्तर फेकायचे. ते ऐकलंच नाही असं करायचे.

त्यांची शिकवायची पद्धत उलटी होती. फळ्यावर प्रश्न लिहायचे, पण पर्याय लिहायचेच नाहीत. आधी तुमचं उत्तर मनात तयार होऊ द्या, म्हणायचे. चार पर्याय म्हणजे चार जणं एकदम बोलायला लागतात, मग आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही. परीक्षेतसुद्धा पर्यायांवर तळहात ठेवून प्रश्न वाचायचा, असा त्यांचा दंडक होता. प्रश्नात ‘अयोग्य’, ‘वगळता’, ‘नाही’ असलं काही दिसलं की त्याखाली रेघ मारून घ्यायची, कारण निम्मी हुशार पोरं तिथंच आपटतात. ‘फक्त’ किंवा ‘नेहमीच’ म्हणणाऱ्या पर्यायाकडं जरा तिरक्या नजरेनं बघायचं, कारण जीवशास्त्रात ‘नेहमीच’ असं फार थोडं असतं.

पण त्यांचा खरा आग्रह वेगळाच होता. बरोबर उत्तर सापडलं की ते खूश व्हायचे नाहीत. उरलेल्या तीन पर्यायांकडं खडू दाखवून विचारायचे, आता ह्यांचं काय? हा पर्याय कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते सांग. स्वादुपिंडाच्या प्रश्नात यकृत आलंय, तर यकृत कुठल्या प्रश्नाला बरोबर ठरलं असतं? चुकीचं उत्तर असं काही नसतंच, म्हणायचे, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं आणि चुकून इकडं येऊन बसलेलं असतं. एकेकाला त्याच्या घरी पोचवून या, मग जो उरेल तो तुमचा. एका प्रश्नावर अर्धा अर्धा तास जायचा. मी आतल्या आत धुमसायचे. आता वाटतं, पुस्तक मी खरं वाचलं ते त्या अर्ध्या तासांत.

मग एक दिवस सराव परीक्षेत डोळ्याचा प्रश्न आला. ‘डोळा’ या भागापासून पुढील कोणत्या वनस्पतीची नवी रोपं तयार होतात? पर्याय होते आलं, बटाटा, ऊस आणि घायपात. मी तळहात वगैरे काही ठेवला नाही. ऊस दिसला आणि गोल काळा केला. उसाच्या टिपरीला, म्हणजे लावायच्या तुकड्याला, डोळा असतो, एक डोळ्याची लावायची का दोन डोळ्यांची यावर आमच्या घरात दरवर्षी भांडण होतं, डोळा दुखावला तर उगवण होत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. सरांनी उत्तर सांगितलं, बटाटा. माळेगावची पोरं, सांगवीची पोरं, मी, आम्ही सगळे ऊसवाले चुकलो होतो. ज्यांच्या घरी उसाचं कांडं नव्हतं त्या सगळ्यांचं बरोबर आलं होतं, आणि ते खुशाल हसत होते.

मी उठून उभी राहिले. सर, तुम्ही आमच्या रानात चला, मी डोळा दाखवते, म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी लागण बघितली आहे का, असंही विचारलं. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. एरवी वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण मनापासून काही सांगायचं असलं की इंदापूरकडचं बोलणं वर यायचं.

“तुझं खोटं हाय असं म्या म्हनत न्हाय,” ते म्हणाले. “पर ह्यो प्रश्न तुला इचारल्याला न्हाय. पुस्तकाला इचारलाय. आन पुस्तकात डोळं बटाट्याला हायती.”

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. पण त्यांनी मला माझ्यापुरते दोन नियम सांगितले. एक, ऊसबिस असा घरचा पर्याय दिसला की आधी संशय घ्यायचा. दोन, कारण सांगता येत नसेल तर गोल करायचा नाही. कारण नाही, गोल नाही. दुसऱ्या दिवशी मला कळलं की माझ्या शेजारी बसणाऱ्या भिगवणकडच्या मुलीला त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं: दोन पर्याय उरले की डोळे झाकून एक लाव, सोडू नको. ती येत असलेलीसुद्धा उत्तरं भीतीनं कोरी ठेवायची. मी सरांना जाऊन विचारलं, एकाच परीक्षेला दोघींना दोन नियम कसे? ते म्हणाले, परीक्षा एक आहे, पोरी दोन आहेत.

कारण नाही, गोल नाही. वाचायला सोपं आहे. माझे सराव परीक्षेतले पहिले कोरे गोल मला अजून आठवतात, कारण ते सोडताना मला अक्षरशः घाम फुटायचा. कुणीतरी दारात येऊन काहीतरी विचारतंय आणि मी तोंडावर दार लावून घेतेय, असं वाटायचं. सर मागून यायचे, माझ्या कागदावर वाकून बघायचे आणि नुसते हं म्हणायचे. सवय व्हावी म्हणून मी घरीही प्रयोग सुरू केला. आबांनी जेवताना काही टोमणा मारला की मनात विचारायचं, याचं उत्तर देण्याला कारण आहे का? नसेल तर भाकरी मोडायची. पहिल्या आठवड्यात आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. आबाही जरा बिचकले. टोमणे मारून मारून त्यांनाच कंटाळा आला असावा, कारण हळूहळू ते माझ्याशी साधं बोलायला लागले. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमुळं माझी एसटी माळेगावला अडकायची, तर कारखान्यावरून येताना तेच कधी कधी मला मोटारसायकलवर घेऊन यायचे. वाटेत विचारायचे, आज काय सोडलंस? मी सांगायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकून घ्यायचे.

मे महिन्यात परीक्षा झाली. मी शहाण्या मुलीसारखी तळहात ठेवून वाचत गेले, रेघा मारत गेले, एकेका पर्यायाला त्याच्या घरी पोचवत गेले. मग एक प्रश्न आला: खालीलपैकी कोणत्या वनस्पतीत आधारमुळं असतात? वड, ऊस, गाजर, रताळं. खाली इंग्रजीत स्टिल्ट रूट्स असं लिहिलं होतं. मी ऊस बघितला आणि मनात म्हटलं, आलास का, ये. घरचा पर्याय. सरांनी संशय घ्यायला सांगितलं होतं, मी थेट फुली मारली. मग उरलेल्यांकडं वळले. वडाच्या पारंब्या, त्यांचं इंग्रजी नाव वेगळं, म्हणून वडावर फुली. गाजर अन्न साठवतं, फुली. रताळंही साठवतं, फुली. चारही पर्यायांवर फुल्या झाल्या होत्या. परत येऊन बघू म्हणून मी पुढं गेले. परत आले तेव्हा त्या चार फुल्या बघून मला वाटलं, प्रश्नच चुकीचा छापला असणार. गोल कोरा ठेवला आणि पेपर देऊन आले.

उत्तरतालिका आली त्या दिवशी मी बारामतीला सरांसमोर बसून मोबाईलवर एकेक उत्तर ताडून बघितलं. आधारमुळांच्या प्रश्नाशी आलो. उत्तर होतं ऊस. उसाचं वाळलं पाचट काढताना खालच्या पेरांना फुटलेली ती मुळं पायाला टोचतात, लहानपणी मी त्यांना अडखळून कितीदा पडले असेन. मला आधी हसू आलं. सरांना आलं नाही. त्यांनी माझी प्रश्नपत्रिका हातात घेतली, उसावरची फुली बघितली आणि पुढचे प्रश्न बघायचे राहून गेले. घरी जा, म्हणाले.

आणि निकालानं त्या फुलीची किंमत केली. माणसांच्या डॉक्टरकीच्या आम्हाला परवडणाऱ्या जागा भरत भरत संपल्या, आणि जिथं संपल्या तिथं पोचायला मला फक्त एक बरोबर उत्तर कमी पडलं होतं. यादी खाली सरकत पशुवैद्यकीयपर्यंत आली तेव्हा माझं नाव आलं, तेही अगदी शेवटाकडं. वस्तीवर बातमी पसरायला वेळ लागला नाही. ऊसवाल्याची पोरगी उसाच्या प्रश्नाला चुकली, ही गोष्ट इतकी रंगली की मला रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, खरं हाय का? त्याच्यापुढं लगेच दुसरं वाक्य असायचं, सरांनीच सोडायला लावलं म्हनं.

दोन दिवसांनी आबा म्हणाले, ढोरांची डॉक्टर व्हायला मी वर्ष दिलं नव्हतं. जागा घ्यायची का नाही हे चार दिवसांत कळवायचं होतं, वसतिगृहात राहावं लागणार होतं, आणि आबा हो म्हणाल्याशिवाय वडील सही करणार नव्हते. आबांचं म्हणणं, आधी सरांना भेटू. त्यांना जाब विचारायचा होता. मला सरांना भेटायचंच होतं, कारण वर्गातल्या मुलींकडून कळलं होतं की उत्तरतालिका आल्यापासून सरांनी नव्या वर्गासाठी नावं नोंदवून घेणं थांबवलंय. मी प्रश्नपत्रिका पिशवीत घातली आणि आबांच्या मोटारसायकलवर मागं बसले.

सरांचं घर डाळिंबाच्या कडेला आहे. ते ओट्यावर बसले होते. आबांनी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “तुमी कशापायी आलाय ते म्हाईत हाय मला. चूक माझी हाय, हिची न्हाय. ऊसवाल्या पोरीला म्या ऊस खोडायला लावला.”

आबांची सगळी तयारी तिथंच वाया गेली. भांडायला आलेले आबा ओट्याच्या कडेवर टेकले. सर मग माझ्याकडं वळून म्हणाले, आणखी एक वर्ष बस, मी तुला एकटीला शिकवतो, एका प्रश्नाचंच अंतर आहे. त्यांच्या आवाजात विनवणी होती. ज्या माणसानं मला वर्षभर उभं केलं तो माझ्याकडं असा बघतोय, हे मला सहन झालं नाही. मला राग आला, आणि तो राग गावावर होता, आबांवर होता, त्या एका प्रश्नावरच डोळे लावून बसलेल्या सगळ्यांवर होता.

मी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढून सरांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, सर, त्या दिवशी आपण मधेच थांबलो. मी सोडलेला तो एकच प्रश्न नाही. बाकीचे बघू.

त्यांना नको होतं. मी ऐकलं नाही. पहिला होता बेडकाचा: त्याच्या मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या किती? मी बारावर बारीक ठिपका दिला होता, माणसाच्या पाठ होत्या म्हणून. पण बेडकाला बाराच का, याचं कारण नव्हतं, म्हणून गोल केला नव्हता. उत्तर दहा होतं. मी आबांना सोप्या भाषेत समजावून सांगितलं की हिथं लावलं असतं तर चुकलं असतं, वर एक गुण कापला असता. आबा नुसते हं म्हणाले.

पुढचा दारूचा निघाला. ऊर्ध्वपातन न करता, म्हणजे भट्टीत वाफ न काढता, यांतलं कुठलं पेय बनतं? मला ‘रम’ लावायचा फार मोह झाला होता. रम मळीची, मळी उसाची, आणि उसाचं मला सगळंच कळतं हा माझा समज. पण घरचा पर्याय म्हणून संशय घेतला, कारण सापडलं नाही, सोडून दिला. उत्तर वाईन होतं. रम भट्टीतूनच निघते. आबा म्हणाले, “ह्यो मला इचारायचा व्हता,” आणि मग एकदम गंभीर झाले. ज्या नियमानं एक घालवला त्याच नियमानं हा वाचवला होता, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. ते ओट्याच्या कडेवरून सरकून आमच्याजवळ आले.

मग आम्ही तिघं त्या कागदावर वाकून बसलो. मी ठिपका दाखवायचे, सर उत्तर सांगायचे आणि आबा विचारायचे, “ह्ये बी चुकलं असतं?” सर हळू आवाजात म्हणायचे, “व्हय.” पुन्हा ठिपका, पुन्हा उत्तर, पुन्हा ह्ये बी? व्हय. भौतिकाचे, रसायनाचे, सगळे. प्रत्येक वेळी सरांचा आवाज थोडा थोडा त्यांच्या नेहमीच्या आवाजासारखा होत गेला. पहिल्या वर्षाची मी असते तर ते सगळे गोल काळे केले असते, आणि इतके गुण कापले गेले असते की जी यादी माझ्या नावावर येऊन थांबली ती माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

आज इंदापूर तालुक्यात गावोगाव फिरताना, कुणाच्या गोठ्यात गाईपाशी वाकलेली असताना, लोक मला मॅडम म्हणतात तेव्हा मला त्या कोऱ्या गोलांची आठवण होते. माझी जागा त्यांनीच राखली. घालवलेला एक प्रश्न साऱ्या गावाला पाठ आहे; राखून ठेवलेले कुठले, ते आम्हा तिघांनाच माहीत आहे. मी सरांची किती ऋणी आहे हे त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. त्या ओट्यावर मला नुसते ठिपके दाखवता आले.

त्या दिवशी ओट्यावर शेवटचं पान संपलं. सर चष्मा कपाळावर सरकवून बसून राहिले. आबांनी प्रश्नपत्रिका उचलली, त्यांना वाचता न येणाऱ्या त्या पानांवरून एकदा हात फिरवला आणि ती माझ्याकडं दिली.

“म्हंजी हिला डॉक्टर तुमीच केली की, सर,” आबा म्हणाले. “मंग आता हिला जाऊ द्या. आन तुमी सोमवारपास्नं वर्ग सुरू करा.”

सर उठले, चहा सांगतो म्हणाले आणि आत गेले. चहा त्यांच्या सूनबाईंनी आणून दिला. सर बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.